कॉनिस्टनचें तळें आणि एका नौकेचा जीर्णोद्धार

विलायतेस जाऊन आलेल्या मनुष्यास लोक पहिला प्रश्न लंडनविषयीं विचारतात आणि दुसरा थंडीविषयीं. २०२४ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां पुतण्याकडे दोन महिने राहून आलों, तेव्हां आम्हांसहि हेच प्रश्न झाले. लंडन आम्हीं चार दिवस पाहिलें. त्याचें वर्णन पुष्कळांनीं पुष्कळ वेळां केलें आहे. परंतु त्या प्रवासांतलें जें एक स्थळ घरीं परतल्यावरहि आमच्या मनांतून हललें नाहीं, त्याचें नांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच ऐकलें असेल. तें म्हणजे इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यांतलें कॉनिस्टन हें खेडें व त्याच्या शेजारीं पसरलेलें त्याच नांवाचें तळें. तेथें आम्हीं एक मोडलेली आणि पुन्हां घडविलेली नौका पाहिली, तिच्या इंजिनांची हकीकत ऐकली, आणि एका घरगुती प्रश्नाचें उत्तर घेऊन परत आलों.

तो घरगुती प्रश्न आधींच सांगून टाकलेला बरा. आमच्या गांवीं कृष्णाकांठच्या मळ्यांत, विहिरीवरच्या खोपींत, एक तेलाचें इंजिन पडून आहे. १९५८ सालीं वडिलांनीं तें घेतलें, तेव्हां मोट सुटली आणि बैलांस विसांवा मिळाला. पहांटे त्याचा ठक्‌ ठक्‌ असा आवाज सुरू झाला कीं घरांतल्या बायका चुली पेटवीत. पुढें १९६९ च्या फाल्गुनांत त्याच इंजिनाच्या पट्ट्यांत सांपडून वडिलांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. विजेचा पंप आल्यावर खोपीला कुलूप लागलें, आणि आईनें त्या बाजूस जाणेंच सोडलें. वडील जाऊन आतां पस्तीस वर्षें झालीं. भंगारवाला अधूनमधून भाव सांगून जातो. थोरले बंधू म्हणतात, विकून मोकळें व्हावें. धाकटा म्हणतो, दुरुस्त करून पुन्हां चालवावें. आणि मधले आम्ही, दोघांसहि ‘पाहूं’ असें उत्तर देऊन विलायतेच्या विमानांत जाऊन बसलों होतों.

आमचा पुतण्या प्रेस्टन येथें असतो. तो यंत्रांत रमणारा. एके दिवशीं जेवतांना खोपींतल्या इंजिनाचा विषय निघाला, तेव्हां तो म्हणाला, “काका, तुम्हांला मोडक्या इंजिनाचाच प्रश्न पडला आहे ना? मग रविवारीं कॉनिस्टनला चला. काकूंना तळें पाहतां येईल आणि तुम्हांला इंजिन.”

प्रेस्टनहून उत्तरेस मोटारीनें दीड तासाची वाट. मोठा रस्ता सोडला कीं देश एकदम बदलतो. दोन्ही बाजूंस चुन्यावांचून रचलेले दगडी गडगे, अगदीं कोंकणांतल्यासारखे. त्यांच्या आंत करड्या लोंकरीचीं मेंढरें. आणि वर हिरवट तांबूस डोंगर, ज्यांच्या माथ्यावर ढग घोंगडी टाकल्याप्रमाणें पडलेले असतात. घरें पाटीच्या दगडाचीं, छपरेंहि त्याच दगडाचीं. गांवाच्या पाठीशीं उभ्या असलेल्या डोंगरास लोक ‘कॉनिस्टनचा म्हातारा’ म्हणतात. तो २,६०० फुटांहून थोडा उंच आहे. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानानें तो लहानच. पण तळ्याच्या कांठावरून पाहतां तो थोराड दिसतो. याच म्हाताऱ्याच्या पोटांतून लोकांनीं पूर्वीं तांबें काढलें आणि अंगावरून पाटीचा दगड. १८५९ सालीं येथपर्यंत आगगाडी आली. १९५८ सालीं उतारूंची गाडी बंद झाली, आणि गांव पुन्हां आपल्या जुन्या शांततेस लागलें.

तळें सुमारें पांच मैल लांब, अर्धा मैल रुंद आणि अधिकांत अधिक १८४ फूट खोल आहे. तें बरेंचसें सरळ असून दोन्ही अंगांस टेकड्यांचा आडोसा आहे. या दोन गुणांमुळेंच त्याच्या नशिबीं जें आलें तें आलें.

पलीकडच्या कांठावर झाडींत एक पांढरें घर दिसतें. त्याचें नांव ब्रँटवुड. जॉन रस्किन १८७२ पासून १९०० सालीं निधन होईपर्यंत येथें राहिला. महात्माजींनीं १९०४ सालीं जोहान्सबर्गहून दरबानला जातांना आगगाडींत जें पुस्तक हातीं घेतलें आणि खालीं ठेववेना, ज्याचें रूपांतर त्यांनीं पुढें ‘सर्वोदय’ या नांवानें गुजरातींत केलें, त्याचा कर्ता तो हाच. हस्तकौशल्याचा भक्त आणि धूर ओकणाऱ्या कारखान्यांचा कडवा टीकाकार म्हणून त्याची ख्याति होती. या सरोवरांच्या प्रांतांत आगगाडी आणखी पुढें शिरूं नये म्हणून त्यानें लेखणी झिजविली. त्याची समाधि गांवच्या चर्चच्या आवारांत आहे, आणि त्याच्या स्मरणार्थ १९०१ सालीं कॉलिंगवुड या त्याच्या सहकाऱ्यानें स्थापिलेलें संग्रहालय गांवांतच आहे. आम्हांस जी नौका पाहावयाची होती ती या संग्रहालयांत! धुराच्या वैऱ्याच्या घरीं जेट इंजिनाची नौका नांदत आहे, हें ऐकून आम्हांस गंमत वाटली. ती गंमत नुसती गंमत नव्हे, हें पुढें कळून आलें.

आधीं आम्ही तळ्यावर गेलों. तेथें ‘गोंडोला’ नांवाची एक वाफेची नौका उतारूंस फिरवून आणते. तीहि १८५९ सालचीच. आगगाडीनें येणाऱ्या पाहुण्यांसाठीं रेल्वे कंपनीनें ती पाण्यांत सोडली. १९३६ सालीं ती सेवेंतून निघाली, मग कोणाचें तरी तरंगतें घर झाली, आणि अखेर वादळांत कांठाला लागून कुजत पडली. पुढें ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेनें ती हातीं घेतली. पाहणींत असें आढळलें कीं, जुना सांगाडा पुन्हां तरंगण्याच्या पलीकडे गेला आहे. तेव्हां सांगाडा नवा, बाष्पपात्र नवें, इंजिन नवें, वरचें बरेंचसें कामहि नवें अशी ती घडली आणि १९८० सालीं पुन्हां उतारू नेऊं लागली. आम्ही तिच्या मखमली बैठकीवर बसलों. इंजिनाचा आवाज जवळजवळ नाहींच. जणू कोणी शेजारीं बसून संथपणें श्वास घेत आहे. या तळ्यावर आज तासीं दहा मैलांहून अधिक वेगास बंदी आहे. वर्षांतून एकदां, नोव्हेंबरांत, वेगाच्या विक्रमांचा आठवडा असतो. तेवढ्यापुरती ही बंदी उठते.

ज्या पाण्यावर आमची नौका हंसासारखी चालली होती, त्याच पाण्यावर १९३९ च्या ऑगस्टांत सर माल्कम कॅम्बेल यानें तासीं १४१.७४ मैलांचा विक्रम केला. पुढें त्याचा मुलगा डोनल्ड यानें तोच ध्यास घेतला. बापाच्या पश्चात्‌ मुलाला वारशानें दोन गोष्टी मिळाल्या: वेगाचें वेड आणि लिओ व्हिला नांवाचा यंत्रकार. हा व्हिला बापापाशीं होता आणि मुलापाशींहि राहिला. आपल्याकडे जुन्या घरांत जसा एखादा कारभारी दोन पिढ्या सांभाळतो, मालकाच्या मुलास प्रसंगीं कान धरून सांगतो, तशांपैकीं तो होता.

डोनल्डची नौका ‘ब्लूबर्ड के-७’ ही केन आणि ल्यू नॉरिस या बंधूंनीं आंखली. आमच्या पुतण्यास अभिमान याचा कीं, ती बांधली गेली प्रेस्टनजवळच्या सॅम्सबरींत. तिची रचना अशी: आंत पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, आणि पुढच्या दोन्ही बाजूंस आडव्या दांड्यांवर दोन तरंगते पाय. वेग वाढला म्हणजे नौका पाण्यांतून वर येते आणि पुढचे दोन व मागचा एक अशा तीन लहानशा बिंदूंवर पाण्याला स्पर्शून जाते. पाण्याचा अडथळा जवळजवळ नाहींसा होतो. पण त्याबरोबर पाण्याचा आधारहि जवळजवळ नाहींसा होतो.

तिचें पहिलें इंजिन ‘बेरिल’ नांवाचें होतें आणि त्याचा रेटा सुमारें ३,५०० पौंड होता. हें इंजिन लागलेल्या के-७ नें १९५५ च्या जुलैंत जवळच्याच अल्सवॉटर सरोवरावर तासीं २०२.३२ मैलांचा विक्रम केला. १९५६ ते १९५९ अशीं ओळीनें चार वर्षें कॉनिस्टनवर ती स्वतःचाच विक्रम मोडीत गेली आणि २६०.३५ पर्यंत पोहोंचली. १९६४ च्या अखेरच्या दिवशीं ऑस्ट्रेलियांत तिनें २७६.३३ चा आंकडा गांठला. त्याच वर्षीं डोनल्डनें जमिनीवरचाहि विक्रम केला होता. एकाच वर्षांत दोन्ही मान मिळविणारा तो एकटाच.

येथें थांबला असता तर! पण त्याला तीनशेंचा आंकडा हवा होता, आणि नौका अकरा वर्षांची जुनी झाली होती. त्यानें तिच्यांतून बेरिल काढलें आणि ‘ऑर्फियस’ बसविलें. हें इंजिन हलकें, तरी त्याचा रेटा ४,५०० पौंड. तें मूळचें ‘नॅट’ या लढाऊ विमानाचें. जुन्या देहांत असें नवें हृदय घालून १९६६ च्या नोव्हेंबरांत नौका कॉनिस्टनला आली. इंजिनानें पहिला मोठा श्वास घेतला आणि काय झालें? पूर्वींच्या इंजिनाच्या श्वासाला पुरलेले हवेचे मार्ग या नव्या ओढीनें आंतल्या आंत कोसळले. त्यांचे तुकडे इंजिनांत ओढले गेले आणि पात्यांचा चुराडा झाला. अपघातांत सांपडलेलें एक नॅट विमान डोनल्डनें पदरमोड करून विकत घेतलेलें होतें, त्यांतलें इंजिन मग तिला बसविण्यांत आलें. पुतण्या म्हणाला, “काका, एक भाग बळकट केला म्हणजे त्याच्या शेजारचा भाग आपोआप दुबळा होतो. दुरुस्तीचा पहिला धडा हाच.” आमच्या मनांत आलें, हा धडा केवळ यंत्रांनाच लागूं आहे असें नाहीं.

४ जानेवारी १९६७ च्या सकाळीं पाणी शांत होतें. विक्रमाचा नियम असा कीं, तासाभराच्या आंत दोन्ही दिशांनीं धांवून सरासरी काढावयाची. पहिली धांव २९७.६ मैलांची झाली. इंधन घेण्यासाठीं किंवा पहिल्या धांवेनें उठलेलें पाणी पुरतें निवण्यासाठीं न थांबतां डोनल्डनें नौका वळविली. दुसऱ्या धांवेंत वेग ३२० च्या वर गेला; नाक उचललें, तळाखालीं वारा शिरला, नौका हवेंत उलटी होऊन पाण्यावर आदळली आणि बुडाली. नौकेंतलें त्याचें लहानसें कापडी अस्वल पाण्यावर तरंगत वर आलें. तो मात्र आला नाहीं. अपघाताच्या कारणांचा ऊहापोह जाणते लोक अजून करीत असतात. त्यांत आम्हीं पडावें असें नाहीं.

चौतीस वर्षें नौका सुमारें दीडशें फूट पाण्याखालीं होती. न्यूकॅसलकडचा बिल स्मिथ नांवाचा एक अभियंता आणि पाणबुड्या तिच्या शोधास लागला, आणि ८ मार्च २००१ रोजीं ती वर आली. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत डोनल्डचा देहहि सांपडला. त्याची कन्या जीनाबाई अपघाताच्या वेळीं तरुण होत्या. बापाला मूठमाती देण्याचा त्यांचा प्रसंग असा चौतीस वर्षांनीं, १२ सप्टेंबर २००१ रोजीं, आला. त्याला कॉनिस्टनलाच पुरण्यांत आलें.

मग प्रश्न उभा राहिला कीं, या मोडक्या नौकेचें करावयाचें काय? २००६ सालीं कुटुंबानें ती रस्किन संग्रहालयास दिली, आणि तिच्या पुनर्घटनेचें काम स्मिथ व त्याच्याबरोबरच्या स्वयंसेवकांनीं नॉर्थ शील्ड्स येथील कर्मशाळेंत आठवड्याच्या सुट्यांमधून केलें. नियम एकच: मूळचा जो तुकडा काम देऊं शकेल तो टाकावयाचा नाहीं. मागील भाग बराचसा टिकला होता. चेपलेले पत्रे ठोकून सरळ केले, फाटलेले सांधले. पुढचा भाग, जेथें डोनल्ड बसला होता तो, आघातांत तुटून गेला होता. तो नव्यानें बांधावा लागला. जुन्या लुगड्याला नवा पदर जोडावा तशी ही गोष्ट. काठ जुळला पाहिजे आणि जोडहि टिकला पाहिजे.

आणि इंजिन? संग्रहालयानें मूळचें ऑर्फियसहि जपलें आहे. त्याच्यापाशीं आम्ही बराच वेळ उभे राहिलों. पुतण्यानें त्याची रचना समजावून सांगितली. पुढें एकाच दांड्यावर पात्यांच्या सात चकत्या. त्या हवा ओढतात आणि दाबत दाबत मागें सारतात. मधोमध सात ज्वालानलिका. त्यांत रॉकेलच्या जातीचें इंधन फवाऱ्यानें जळतें. मागें पात्यांची एकच चकती. तापलेली हवा बाहेर पडतांना ती फिरविते, आणि ती पुढच्या सातांस फिरविते. उरलेला सगळा जोर मागें सुटतो आणि नौकेस पुढें रेटतो. हा दांडा मिनिटाला सुमारें दहा हजार फेरे घेतो. एवढ्या वेगांत एखादें पातें जरा जड झालें किंवा एखादा खिळा आंत गेला तरी सर्वनाश. म्हणून अशा इंजिनाची पुनर्बांधणी म्हणजे प्रत्येक पातें वेगळें पाहणें, बारीकशी चीर शोधणें, वजनाचा तोल साधणें, दांड्याचे आधार तपासणें आणि इंधनाच्या वाटा धुऊन काढणें. सुरू करण्याच्या वेळीं बाहेरून दाबाची हवा देऊन तें आधीं फिरवावें लागतें. त्यानंतर त्याचें तें श्वास घेऊं लागतें.

मूळ इंजिनाच्या बाबतींत मात्र यांतलें कांहींच शक्य नव्हतें. विमानाचें इंजिन हलकें असावें म्हणून त्याचीं आवरणें मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचीं केलेलीं, आणि मॅग्नेशियमला पाण्याचें वावडें. चौतीस वर्षांत तीं झिजून विरून गेलीं. दुरुस्तीला मर्यादा असते ती अशी. त्याच जातीचें दुसरें ऑर्फियस मिळवून नौकेंत बसविण्यांत आलें आणि मूळचें दर्शनार्थ राहिलें. २०१८ च्या ऑगस्टांत स्कॉटलंडमधल्या ब्यूट बेटावरच्या लॉक फॅड या तळ्यांत नौका पुन्हां आपल्या बळावर धांवली. वेग सुमारें दीडशें मैलांपर्यंत नेला, विक्रमाचा हव्यास न धरितां. पुढें नौका कोणाची आणि कोठें राहावी यावरून दुरुस्ती करणारे व संग्रहालय यांच्यांत वाद झाला. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस असल्या वादाचें नवल वाटणार नाहीं. तोहि अखेर मिटला, आणि ९ मार्च २०२४ रोजीं ती कॉनिस्टनला आली. सारा गांव रस्त्यावर लोटला होता असें सांगतात.

ऑर्फियस हें नांव ऐकून आम्हांस आणखी एक आठवण झाली. नॅट विमानें आणि त्यांचीं हीं इंजिनें आपल्या बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्येंहि परवान्यानें तयार होत असत. आपल्या ‘मरुत’ विमानालाहि याच कुळांतलीं दोन इंजिनें असत. १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरच्या आकाशांत निर्मलजितसिंग सेखों यानें ज्या विमानांतून झुंज देऊन वीरमरण पत्करलें आणि परमवीरचक्र मिळविलें, तें नॅटच. दूरच्या खेड्यांत गंजलेल्या लोखंडापुढें उभें असतां आपल्या घरचें माणूस भेटावें तसें आम्हांस क्षणभर झालें.

निळी नौका समोर होती. तजेलदार निळा रंग, कोठें कोठें जुन्या पत्र्याच्या सुरकुत्या. पुतण्याची आठ वर्षांची मुलगी तिच्याकडे बराच वेळ पाहत होती. तिनें विचारलें, “आजोबा, ही तीच बोट का? कीं दुसरी?”

आम्हांस पटकन्‌ उत्तर देतां येईना. ज्याच्या नांवाच्या छपराखालीं आम्ही उभे होतों त्या रस्किनचें उत्तर ठरलेलें होतें. १८४९ सालच्या वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादिलें आहे कीं, पडलेली इमारत पूर्ववत्‌ उभी करणें ही फसवणूक होय. मेलेल्यास उठवितां येत नाहीं, तसें गेलेल्या कारागिराच्या हातचें काम पुन्हां करितां येत नाहीं. वेळच्या वेळीं काळजी घेतली तर असल्या उठाठेवीची पाळीच येणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. म्हणजे त्याच्या मतें ही नौका खोटी आणि बाजूचें तें विरलेलें इंजिनच खरें!

आपली रीत निराळी. आपण खंडित मूर्ति पूजेंत ठेवीत नाहीं, तिचें विसर्जन करितों. पण देवालयाचा जीर्णोद्धार करणें हें नवें बांधण्याहून मोठें पुण्य मानितों. अहिल्याबाईंनीं काशीस विश्वनाथाचें मंदिर पुन्हां उभारलें तें एकाहि जुन्या दगडाच्या अभिमानानें नव्हे. पूजा पुन्हां चालू व्हावी म्हणून. आपल्या दृष्टीनें वस्तूचें सातत्य तिच्या दगडांत नसून तिच्या चालू राहण्यांत आहे.

आमच्या सौभाग्यवतींचें मत याहून वेगळें पडलें. त्या म्हणाल्या, “दगडाचें ठीक आहे. पण ज्या पाळण्यांतून मूल पडलें तो पाळणा कोणी पुन्हां टांगील काय?” पुतण्या म्हणाला, “काकू, दोरी तुटली असेल तर नवी दोरी लावून टांगावा. पाळणा अडगळींत टाकला म्हणजे मूल परत येतें काय?” सौभाग्यवतींनीं त्यावर उत्तर दिलें नाहीं, पण थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “तें ठरविण्याचा हक्क त्या मुलीचा. तिनें हो म्हटलें, तेव्हां इतरांनीं बोलूं नये.” आम्हांस वाटलें, रस्किनपासून आमच्या पुतण्यापर्यंत सर्वांच्या बोलण्यांत जी गोष्ट राहून गेली होती ती हीच. मोडक्या वस्तूचें काय करावें हा प्रश्न केवळ यंत्रकाराचा किंवा पंडिताचा नाहीं. ज्याचें त्या वस्तूनें कांहीं नेलें आहे, त्याला आधीं विचारलें पाहिजे.

मुलीस आम्हीं सांगितलें, “बोट तीच आहे. तिचा थोडा भाग नवा आहे, आणि तो कोणता तें हे लोक लपवीत नाहींत.” तिला तें पटलें असावें, ती कापडी अस्वलाविषयीं विचारूं लागली.

परततांना आम्ही गांवच्या नव्या दफनभूमींत गेलों. डोनल्डची समाधि साधी आहे. थोड्याच अंतरावर चर्चच्या आवारांत रस्किन, हिरव्या पाटीच्या दगडाच्या कोरीव क्रुसाखालीं. एक वेगाचा भक्त, दुसरा संथपणाचा. दोघांनाहि हें एकच तळें आवडलें आणि गांवानें दोघांचीहि निगा सारखीच राखली आहे. संध्याकाळीं वारा पडला, तेव्हां तळें इतकें नितळ दिसत होतें कीं म्हाताऱ्याचा माथा पालथा होऊन त्यांत बसला होता.

श्रावणांत आम्ही घरीं आलों. दुसऱ्याच आठवड्यांत गांवीं गेलों. रात्रीं ओसरीवर तिघे भाऊ बसलों. थोरल्यांनीं भंगाराचा भाव सांगितला, धाकट्यानें मिस्त्रीचा अंदाज. आम्हीं म्हटलें, “इतकीं वर्षें आपण एकमेकांना विचारीत आलों. आईला कोणी विचारलें का?” कोणींच विचारलें नव्हतें. तिला वाईट वाटेल म्हणून प्रत्येकानें तो विषय टाळला होता, आणि या टाळण्यास आम्ही सर्व माया समजत होतों.

आई नव्वदीची आहे. वाती वळतां वळतां तिनें सारें ऐकलें. मग म्हणाली, “इंजिनाचा काय दोष? पट्ट्यावर झांकण नव्हतें. त्यांना मी दहादां सांगितलें होतें. आधीं झांकण करा आणि मग खुशाल सुरू करा. पहांटेचा तो आवाज थांबला तेव्हांपासून मला जागच नीट येत नाहीं.”

पंचावन्न वर्षें ती त्या वाटेस गेली नव्हती ती इंजिनाच्या रागानें, असें आम्ही धरून चाललों होतों. राग उघड्या पट्ट्यावर होता.

दसऱ्यास खोपीचें कुलूप काढलें. पिस्टन धरून बसला आहे. मिस्त्रीनें रॉकेल ओतून ठेवलें आहे, आणि घाई करूं नका, हातोडा मारूं नका, असें बजावून तो गेला आहे. काल धाकट्यानें चाक धरून जोर दिला, तेव्हां तें बोटभर हललें. झांकणाची जाळी मात्र तयार होऊन आली आहे. आईनें ती आधीं घरीं आणवून, चष्मा लावून, स्वतः पाहिली.